साडूचे पन्नास टक्के

ज्याने नऊ वर्षांत एकदाही क्लेम केला नाही, त्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. एक तर तो गाडी चालवत नसणार, नाही तर काहीतरी लपवत असणार. गाडी रस्त्यावर आली की तिला ओरखडा हा उठणारच. हे मी उंटावरून शेळ्या हाकत बोलत नाही. मी विमा कंपनीचा सर्वेयर आहे, एकवीस वर्षं हेच काम करतोय. कुणाची गाडी ठोकली की कंपनी मला पाठवते. मी गाडीभोवती फिरतो, फोटो काढतो, मालक सांगतो ती कहाणी ऐकून घेतो आणि पत्रा सांगतो ती लिहितो.

तर असा नऊ वर्षांत एकही क्लेम न केलेला माणूस माझ्या नशिबी साडू म्हणून आला आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. उंच, सडपातळ, चष्म्याच्या दुकानाचा मालक. दुकानात तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलून बदलून हळू आवाजात विचारतो, "आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?" घरीही त्याच आवाजात बोलतो. माझ्या बायकोला तो आवाज फार आवडतो. "भाऊजी किती शांत आहेत ना," असं ती बारा वर्षांत किती वेळा म्हणाली असेल, ते मला विचारू नका.

आता ही सूट काय असते ते समजून घ्या, म्हणजे माझ्या पोटात का दुखतं ते कळेल. वर्षभर क्लेम केला नाही, की पुढच्या वर्षी आपल्या गाडीच्या नुकसानीचा जो हप्ता असतो त्यावर वीस टक्के सूट. दुसरं वर्षही कोरं गेलं की पंचवीस. मग पस्तीस, पंचेचाळीस, आणि पाचव्या वर्षी पन्नास. पन्नासाला शिडी संपते. आणि एक क्लेम केला की सापाच्या तोंडी, थेट शून्य. म्हणून शहाणा माणूस बारीकसारीक ओरखड्यासाठी कंपनीकडे जात नाही, पत्रा ठोकून देणाऱ्या डेंटरला खिशातून देतो आणि सूट वाचवतो. हा सल्ला मी दिवसातून चार जणांना देतो.

मीसुद्धा पन्नासावर होतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसच्याच आवारात रिव्हर्स घेताना मी पाण्याच्या टँकरवर गाडी घातली. टँकर उभा होता. डिकी, मागचा पत्रा, दोन्ही दिवे, सगळं गेलं. खिशातून भरण्याजोगं नव्हतं, क्लेम करावा लागला. स्वतःच्या गाडीचा सर्वे स्वतः करता येत नाही, म्हणून शेजारच्या टेबलावरचा सहकारी आला. त्याने चारी बाजूंनी गाडीचे फोटो काढले आणि शेवटी एक माझा काढला. मी शून्यावर आलो. तेव्हापासून दोन वर्षं जपून जपून चढलो आणि आता पंचवीसवर आहे.

या पंचवीस आणि पन्नासाचं कौतुक आमच्या सासऱ्यांना फार. ते गणिताचे मास्तर होते. आयुष्यभर त्यांनी पेपर तपासले आणि निवृत्त झाल्यापासून जावई तपासतात. त्यांच्या लेखी क्लेम नाही म्हणजे चूक नाही, आणि चूक नाही म्हणजे पैकीच्या पैकी. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दोन्ही लेकी आणि आम्ही दोन्ही जावई त्यांच्याकडे जेवायला जमतो, आणि दर वेळी निकाल लागतो.

"थोरले दहापैकी दहा," ते म्हणतात. मग माझ्याकडे बघून, "आणि तुम्ही... प्रयत्न चांगला आहे."

एकदा तर त्यांनी कमालच केली. "जावईबापू," मला म्हणाले, "थोरल्यांना पन्नासाच्या वर तर मिळत नाही. मग त्यांचे थोडे तुम्हाला नाही का देता येणार?"

मी दात खात समजावलं. "बाबा, सूट गाडीची नसते, माणसाची असते. गाडी विकली तरी ती माणसाबरोबर नव्या गाडीवर जाते. पण दुसऱ्याला देता येत नाही. माणूस गेला तर मात्र बायकोला नाही तर मुलांना मिळते."

"मग मला दत्तक येता का?" साडू हळूच मला म्हणाला. सगळे हसले. माझी बायको सगळ्यांत जास्त हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्या एखाद्या विनोदावर ती तशी हसल्याचं मला आठवत नाही. म्हणजे मी विनोद करतो, पण ती "हं" म्हणते.

खरं दुखणं हे होतं. हप्त्यातल्या चार पैशांसाठी कुणी इतकं जळत नाही. मला वाटायचं की माझ्या बायकोनेही मनातल्या मनात आम्हां दोघांना शेजारी शेजारी उभं करून गुण दिले आहेत, आणि तिथेही मी पंचवीसवर आहे.

त्यात गेल्या काही महिन्यांपासून ती बुधवारी संध्याकाळी "ताईकडे जाऊन येते" म्हणून जायची. ती एका लॅबमध्ये काम करते. पहाटे उठून लोकांच्या घरी जाऊन तपासणीसाठी रक्त घेऊन येते, हातात ती नमुन्यांची निळी पेटी आणि दोन बस. संध्याकाळी ती इतकी दमलेली असते की बोलताना वाक्य अर्धं सोडते. पण बुधवारी मात्र ती ताजी होऊन परतायची. गाल लाल, आणि स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणणं चाललेलं. "काय एवढं ताईकडे?" मी विचारायचो. "काही नाही, गप्पा." माझ्या मनात नको ते येऊन गेलं, खोटं कशाला बोलू? पण विचारणार कसं? चोरी करताना माणूस सापडला तर फोटो काढता येतो. नुसत्या गुणगुणण्याचा काय काढणार?

गेल्या महिन्यातल्या रविवारी बायको सकाळीच ताईकडे गेली होती आणि त्यांच्याच गाडीतून सासऱ्यांकडे आली होती. जेवणं झाली आणि सासऱ्यांनी पुन्हा सुरू केलं. साडूच्या विम्याचं नूतनीकरण झालं होतं. "नववं वर्षही कोरं!" ते म्हणाले, आणि माझी बायको साडूकडे बघून हसली. साधं हसू नव्हतं ते. त्या दोघांचंच काहीतरी होतं त्यात. साडूने लगेच खाली बघितलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "ऑफिसचा फोन आहे," म्हणालो आणि खाली उतरलो.

साडूची करडी गाडी फाटकाजवळ माझ्या गाडीच्या मागे उभी होती. माझ्या खिशात कायम एक चुंबक असतो. पहिल्या साहेबांनी दिलेला, गाडीला चरा पडू नये म्हणून मऊ कापडात गुंडाळलेला. त्याचं काम सोपं आहे. पत्रा धड असेल तर तो रंगावरूनही घट्ट चिकटतो. पत्रा चेपला असेल आणि डेंटरने तो ठोकून वर पुट्टी भरून रंग मारला असेल, तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण चुंबक चिकटत नाही. माणूस खोटं बोलतो, डेंटर त्याहून छान खोटं बोलतो, चुंबक बोलत नाही.

चालकाच्या बाजूने सुरुवात केली. पुढचा दरवाजा चिकटला, मागचाही चिकटला. मनातून खट्टू झालो. मग वळसा घालून पलीकडच्या बाजूला गेलो. मागच्या दरवाज्याच्या खालच्या अंगाला चुंबक लावला आणि हात काढला.

चुंबक टपकन माझ्या बुटावर पडला.

पुन्हा लावला, पुन्हा पडला. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर पडला. पुढच्या चाकावर तर वीतभर जागा निघाली. तीन जखमा! वाकून, उन्हात तिरपं बघितलं तर रंगाची झाकही किंचित वेगळी होती. मी खरं सांगतो, माझी बढती झाली तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता. नऊ वर्षं कोरा म्हणे! कोरा कसला, नऊ वर्षं लपवून बसला होता. सगळ्या जखमा गुडघ्याच्या उंचीच्या, लांबट, हळू वेगात खांबाला घासल्यासारख्या. नवशिक्या माणसाला पलीकडच्या बाजूचा अंदाज येत नाही, तेव्हा होतात तशा. एकवीस वर्षांच्या अनुभवाने मी हे सगळं एका नजरेत वाचलं. आत चालकाची सीट पार पुढे ओढलेली होती आणि तिच्यावर निळ्या चौकड्यांची उशी होती, हेही दिसलं. सहा फुटांचा माणूस गुडघे कुठे ठेवत असेल, हा प्रश्न कुठल्याही सर्वेयरला पडला असता. मला पडला नाही, कारण मी जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत होतो.

"बाबा," मी दारातूनच म्हणालो, "थोरल्यांचा पेपर परत तपासा."

साडू चहाचा कप धरून बसला होता. मेहुणी, म्हणजे त्याची बायको, टेबल पुसत होती. मी चुंबक टेबलावर ठेवला, मधोमध.

"क्लेम नाही म्हणजे अपघात नाही, असं कुणी सांगितलं? क्लेम नाही म्हणजे फक्त मागितलं नाही. यांच्या गाडीला तीन ठिकाणी पुट्टी आहे. तीन! डेंटरकडे गुपचूप नेली, वरून रंग मारला आणि इथे बसून दहापैकी दहा घेतायत."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "खरं आहे हे?"

साडूने कप खाली ठेवला. "हो, खरं आहे," त्याच त्याच्या हळू आवाजात तो म्हणाला. "घासली गाडी. तीनदा. माझ्याच हातून. सांगायला लाज वाटली."

काय सांगू, स्वर्ग दोन बोटं उरला होता. मी बायकोकडे बघितलं. तिने हे ऐकावं, तिने हे बघावं, यासाठीच तर सगळा खटाटोप होता. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"भाऊजी, पुरे," ती म्हणाली आणि उभी राहिली. "बाबा, गाडी मी घासली. तिन्ही वेळा."

"तू?" मी म्हणालो. "तुला गाडी कुठे येते?"

"येते. चार महिन्यांपूर्वी लायसन्स मिळालं."

मेहुणी फडकं हातात धरून म्हणाली, "दर बुधवारी शिकायची. मी मागे बसायचे जीव मुठीत धरून. पहिल्यांदा आमच्याच फाटकाचा खांब. दुसऱ्यांदाही तोच खांब."

"तिसऱ्यांदा बाजाराचा," साडू म्हणाला.

सासऱ्यांना हसू आवरेना. मी मात्र तोंडघशी पडलो होतो आणि तरीही गप्प बसायचं सुचत नव्हतं. "मग क्लेम का नाही केला? शिकाऊ परवाना असेल आणि शेजारी लायसन्सवाला बसलेला असेल तर कंपनी देते. तिसरा तर मोठा होता, वीतभर."

साडूने माझ्या बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली, मग तो बोलला.

"फॉर्मवर लिहावं लागतं ना, गाडी कोण चालवत होतं. विमा तुमच्याच कंपनीचा, आणि या भागातला सर्वेयर कोण आहे?"

मी आहे. दुसरं कोण.

खाली उतरताना मी तिच्या मागे दोन पायऱ्या होतो. तिच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. आठ वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ मला आठवली, लख्ख. ती म्हणाली होती, "मला गाडी शिकव ना. पहाटेची बस चुकली की नमुने खराब होतात." मी गाडी पुसत होतो. मान वर न करता म्हणालो होतो, "एक ओरखडा आला, की पन्नास टक्के गेले. कळतंय का?" ती "बरं" म्हणाली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मी समजलो, हौस होती, फिटली. पुढे पन्नास टक्के मीच टँकरवर घालवले. तेव्हासुद्धा ती काही बोलली नाही. नंतरची दोन वर्षं मी पंचवीस टक्के जपत तिला बसस्टॉपपर्यंतही सोडायला कंटाळायचो. आठ वर्षं तिने काही मागितलं नाही, आणि मी आत्ताच वर सगळ्यांना समजावून आलो होतो की मागितलं नाही म्हणजे नुकसान झालं नाही असं नसतं.

गाडीपाशी आलो. मी किल्ली तिच्यापुढे धरली.

"चालव."

"नको. तुझे पंचवीस टक्के जातील." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तेच वाईट होतं.

"जाऊ देत. चालव."

तिने किल्ली घेतली. साडूच्या गाडीतली ती उशी काढून आणली आणि सीट पुढे ओढली. उशीवरच्या निळ्या चौकड्या मी आता नीट बघितल्या. तो माझाच जुना शर्ट होता. कोपर फाटला म्हणून टाकायला दिलेला.

ती आरशात बघून निघाली. पहिल्या वळणावर माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. माझ्या बाजूला ब्रेक नाही, तरीही.

"पाय वर घे," समोर बघत ती म्हणाली. "गाडीला नाही, मला त्रास होतो."

"त्याचा पाय नाही दाबला जायचा?"

"भाऊजींचा? नाही. ते विचारायचे, आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं? मी म्हणायचे, आधी. मग म्हणायचे, चल तर, आधीसारखं करू." ती हसली. "पहिल्यांदा खांबाला घासली तेव्हा मी रडले. ते खाली उतरले, बघितलं आणि म्हणाले, खांब बरा आहे."

माझा जळफळाट थांबला असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तो थांबला नव्हता. उलट आता कुठे त्याला नीट जागा सापडली होती. त्या दोघांत काही वावगं नव्हतं, हे कळलं म्हणून बरं वाटायला हवं होतं. पण ती पहिल्यांदा गिअर बदलताना कशी दिसत होती, रडली तेव्हा कशी रडली, गाडी पहिल्यांदा सरळ रेषेत गेली तेव्हा काय ओरडली, हे सगळं त्या माणसाने बघितलं होतं. माझी बायको माझ्या शर्टावर बसून शिकली आणि मी तिथे नव्हतो.

ती सुरेख चालवत होती. चौकात थांबली, रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या बाईला हाताने जा म्हणाली, उतारावर गाडी मागे जाऊ दिली नाही. मी एकवीस वर्षांत हजारो चालक बघितलेत. हिला मी दहापैकी नऊ दिले असते, आणि एक फक्त जळून कापला असता.

आमच्या इमारतीचं फाटक अरुंद आहे. दोन्ही बाजूंना दगडी खांब, आणि आत शिरल्या शिरल्या वळण. तिथे मीसुद्धा दोनदा मागेपुढे करतो. ती वेग कमी करून फाटकासमोर आली, आणि मला कळलं की मी मनातल्या मनात म्हणतोय, घास. घास एकदा. माझ्या बाजूचा दरवाजा घास, पत्रा फाटू दे, हवं तर पंचवीसचं शून्य होऊ दे. मग तू घाबरून माझ्याकडे बघशील, आणि मी खाली उतरून बघेन, आणि म्हणेन, खांब बरा आहे.

तिने आरसा बघितला, अर्धा फेरा घेतला, आणि एका दमात गाडी आत घेतली. दोन्ही बाजूंना चार चार बोटं जागा सोडून.

"जमलं की," ती स्वतःशीच म्हणाली, गाडी बंद केली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "उद्या पहाटे नेऊ?"

"ने," मी म्हणालो. "परवाही ने."

ती उशी काखेत मारून जिना चढून गेली. मी खालीच थांबलो. चुंबक काढला आणि माझ्या बाजूने, दरवाज्याच्या खालच्या अंगापासून, कुठे तरी पडेल म्हणून हळूहळू सगळ्या गाडीवर फिरवला. पुढे, मागे, चाकांवर. टँकरवर गेलेला मागचा पत्रा कंपनीच्या पैशांनी नवा कोरा बसवला होता, तिथेही.

चुंबक सगळीकडे घट्ट चिकटला.